घरचा रस : टिकतो कसा, नासतो कसा

आमच्या मजल्यावरच्या जुन्या मंडळींना तो स्फोट अजून आठवत असेल.

जूनचे दिवस. सुट्टी संपवून मी विसरवाडीहून होस्टेलला परत आलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, धुळ्याहून सुरतेकडे जाताना कोंडाईबारीचा घाट उतरलात की आमची विसरवाडी लागते. तालुका नवापूर, जिल्हा नंदुरबार. निघताना आईने दोन बाटल्या आमरस बॅगेत कोंबला. रायवळ आंब्याचा, हाताने पिळलेला. बाटल्या म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या, पातळ प्लॅस्टिकच्या. पहिल्या रात्री एक बाटली रूमवर संपली. दुसरी 'रविवारी मेसच्या पोळ्यांबरोबर खाऊ' म्हणून कपाटावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाटली फुगलेली दिसली. रूममेट म्हणाला, "गरमीने फुगली असेल." तिसऱ्या दिवशी दुपारी ठाप्प असा आवाज झाला आणि झाकण उडालं. पंखा, छत, कॉटवरची चादर आणि सही व्हायची बाकी असलेलं माझं जर्नल, सगळीकडे आमरस. आवाज ऐकून रेक्टर सर आले. त्यांनी दारातच थांबून वास घेतला आणि शांतपणे विचारलं,

"काय गाळताय रूमवर?"

सरांचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. बाटलीत खरोखरच दारू होत होती! फक्त ती आम्ही करत नव्हतो, यीस्ट करत होतं. चादर धुता धुता डोक्यात प्रश्न आला, की दुकानातला आंब्याचा रस सहा महिने टिकतो आणि आईचा तीन दिवसांत का फुटतो? त्याचं उत्तर शोधायला जी वाचावाच केली, ती इथे मांडतोय. कारण पुढे हाच प्रश्न आमच्या घरी जरा जास्त गंभीर होऊन आला. ते पुढे सांगतो.

बाटलीत काय घडलं?

फळाच्या सालीवर, आपल्या हातांवर, मिक्सरच्या भांड्यात, हवेत, सगळीकडे यीस्टच्या पेशी असतात. साल आहे तोवर त्या बाहेर असतात. आपण रस काढला की साखर, पाणी आणि यीस्ट एकत्र येतात. म्हणजे आपण त्यांना जेवणाचं ताटच वाढून देतो. उन्हाळ्यात दर दोन तासांनी यीस्ट दुप्पट होतं असं धरलं, तर वीस तासांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे हजारपट. म्हणूनच नासका रस सकाळी 'बरा' लागतो आणि संध्याकाळी एकदम बिघडतो.

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. ग्लुकोजच्या एका रेणूमागे वायूचे दोन रेणू. आता फर्स्ट इयरचं केमिस्ट्री आठवा. एक लिटर रसातली फक्त १० ग्रॅम साखर आंबली, तर वायू निघतो जवळजवळ पाच ग्रॅम, म्हणजे ३० अंश सेल्सिअसला सुमारे पावणेतीन लिटर. बाटलीत वर मोकळी जागा असते जेमतेम १०० मिलिलिटर. बराचसा वायू रसातच विरघळतो, ते धरूनही दाब चार वातावरणांच्या आसपास जातो. पाण्याच्या पातळ बाटलीने तो सहन करावा ही अपेक्षाच चूक! आणि आमरसात १० ग्रॅम कसली, लिटरमागे शंभराच्या वर ग्रॅम साखर असते.

यीस्टशिवाय आणखी तीन मंडळी रसाच्या मागे लागलेली असतात. एक, बुरशी. तिला हवा लागते, म्हणून ती वरच्या थरावर दिसते. दोन, बॅक्टेरिया. यातले काही रस आंबवतात, काही बुळबुळीत करतात आणि काही चव-वास न बदलता माणसाला आजारी पाडतात. तीन, रसातलीच स्वतःची एन्झाइम्स. रसवंतीवरचा उसाचा रस तासाभरात काळपट का पडतो? सफरचंदाची फोड तांबूस का होते? दोन्हीकडे तेच एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनबरोबर काम करत असतं. संत्र्याचा रस ठेवल्यावर वर पाणी आणि खाली चोथा होतो, तेही एका एन्झाइमचंच काम.

तेव्हा रस टिकवणं म्हणजे या चौघांना एकतर मारायचं, नाहीतर त्यांचं जगणं मुश्किल करायचं. तिसरा मार्ग नाही.

दोनशे वर्षांपूर्वीची बाटली

हे काम पहिल्यांदा नीट जमलं ते निकोलस ॲपर्ट नावाच्या फ्रेंच हलवायाला. अन्न जाड काचेच्या बाटलीत भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. या पद्धतीसाठी १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. गंमत म्हणजे अन्न का टिकतं हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं! ते कारण लुई पाश्चरने १८६० च्या दशकात दाखवून दिलं. मग १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने तीच युक्ती द्राक्षाच्या रसावर वापरली. त्याला चर्चमधल्या विधीसाठी न आंबलेली 'वाइन' हवी होती. त्याने रस बाटल्यांत भरून गरम पाण्यात तापवला. यीस्ट मेलं, रस रसच राहिला.

मग प्रश्न सुटला म्हणायचा का? गरम करा, बंद करा, झालं? मलाही तसंच वाटलं होतं.

मावशीचा प्रश्न

पुढच्या सुट्टीत घरी गेलो तर मावशीच्या बचत गटात नवीन बेत शिजत होता. महामार्गावरून दिवसरात्र गाड्या जातात, लोक चहा-नाश्त्याला थांबतात. आंबा-लिंबाचं सरबत सगळेच विकतात, आपण गाजराचा आणि दुधीचा रस बाटल्यांत भरून ठेवू. शहरातल्या लोकांना असलं 'हेल्दी' हवं असतं. काढायचा, उकळायचा, बाटलीत भरायचा, दुकानाच्या फळीवर मांडायचा. बाटल्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या.

मी म्हटलं, "मावशी, आंब्याचं ठीक आहे, पण गाजराचा रस असा फळीवर नको ठेवू."

ती म्हणाली, "का रे? आंब्याचा उकळून टिकतो तर गाजराचा का नाही टिकणार? तोही उकळणारच आहोत ना."

प्रश्न बिनतोड होता. आणि मला तेव्हा उत्तर देता आलं नाही! 'पुस्तकात तसं लिहिलंय' एवढंच म्हणालो, त्यावर ती हसली. परत आल्यावर मात्र मी हा विषय सोडला नाही. उत्तर एका आकड्यात आहे : ४.६.

सगळं आंबटपणावर आहे

आंबटपणा पीएचमध्ये मोजतात हे आपल्याला पाठ आहे. आकडा लहान तितका पदार्थ आंबट. लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास, कैरी, आवळा आणि कोकमही त्याच बाजूला. डाळिंब, अननस, द्राक्ष, संत्रं साधारण ३ ते ४ मध्ये. टोमॅटो अगदी कुंपणावर, ४.२ पासून ४.९ पर्यंत. पिकलेल्या आंब्याचा काही भरवसा नाही. जात कोणती आणि पिकला किती, यावर ४ च्या आसपासपासून ५ च्या वरपर्यंत जातो. उसाचा रस आणि सीताफळ ५ च्या वर. पपई, कलिंगड, बीट, गाजर, दुधी यांचा ५ ते ६.५ मध्ये कुठेतरी.

या रांगेत ४.६ ला एक रेघ मारा. रेघेच्या वर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा बॅक्टेरिया वाढू शकतो. हा मातीत राहतो. गाजर, बीट मातीतूनच येतात. परिस्थिती वाईट झाली की तो बीजाणू करतो, म्हणजे जाड चिलखत घालून झोपतो. त्याला हवा नको असते. आता पाहा, आपण रस उकळतो तेव्हा बाकी सगळे जंतू मरतात, याचे बीजाणू मात्र जिवंत राहतात. मग आपण बाटली घट्ट बंद करतो, हवा संपते. फळीवर ठेवतो, ऊब मिळते. आंबटपणा नाही, स्पर्धक नाहीत, हवा नाही. म्हणजे त्याच्यासाठी आपणच खोली साफ करून दिली! तो वाढतो आणि जे विष तयार करतो ते माणसाला माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. आधी डोळ्यांना एकाची दोन दिसतात, पापण्या पडतात, बोलणं-गिळणं अवघड होतं, मग श्वासाचे स्नायू थांबतात. आणि रसाला बहुतेक वेळा ना वास, ना वेगळी चव.

हे फक्त पुस्तकातलं नाही. सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेत चार आणि कॅनडात दोन माणसं बाटलीबंद गाजराचा रस पिऊन अशीच पंगू झाली. रस कारखान्यात पाश्चराइज केलेला होता. पण तो आंबट नव्हता, त्यात परिरक्षक नव्हतं आणि बाटली थंड न राहिल्याचं आढळलं. सगळा आधार फ्रिजवर होता आणि तोच निसटला.

बीजाणू उकळून का मरत नाहीत, याचा हिशोब इंजिनिअरला आवडेल असा आहे. ठरावीक तापमानाला ९० टक्के जंतू मरायला जो वेळ लागतो त्याला डी-मूल्य म्हणतात. या बीजाणूंचं डी-मूल्य १२१ अंशाला सुमारे ०.२१ मिनिट असतं आणि तापमान १० अंशांनी उतरलं की ते दहापट वाढतं. कॅनिंगवाले सुरक्षिततेसाठी अशा १२ पायऱ्या धरतात. म्हणजे १२१ अंशाला अडीच मिनिटं पुरतात. पण १०० अंशाला? डी-मूल्य होतं २६ मिनिटांच्या आसपास, गुणिले १२, म्हणजे पाच तासांहून जास्त उकळणं! एवढ्यात गाजराच्या रसाचा काढा होईल.

'मग कुकरमध्ये ठेवू' असं कुणी म्हणेल. घरचा कुकर १२० अंशांच्या जवळ जातो हे खरं, पण बाटलीच्या मध्यभागी किती तापमान झालं हे आपल्याला दिसत नाही आणि वाफ सोडताना बाटली फुटायची भीती वेगळीच. तेव्हा हा प्रयोग घरी नको.

४.६ च्या खाली मात्र हे बीजाणू उठतच नाहीत. म्हणून आंबट रसाला उकळीपर्यंतही जावं लागत नाही, ८५ अंश पुरतात. यीस्ट आणि बुरशी तेवढ्यात मरतात, एन्झाइम्सही बहुतेक थंडावतात. आंबा आणि गाजर यांत फरक आहे तो हा.

पण आंबट म्हणजे बिनधोक असं मात्र नाही हं! १९९६ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात न तापवलेला सफरचंदाचा रस पिऊन साठाहून जास्त लोक आजारी पडले आणि एक लहान मूल दगावलं. रस आंबटच होता, पण ई. कोलाय या जंतूचा एक वाण तेवढ्या आंबटात तग धरून राहिला. त्यानंतर २००१ मध्ये तिथे नियम आला, की रसातले असे जंतू लाखात एक उरतील इतके कमी झाले पाहिजेत. म्हणजे आंबटपणाने एक शत्रू अडतो, बाकीच्यांना उष्णता किंवा थंडी लागतेच.

आमच्या भागातली जुनी हुशारी

हे सगळं वाचताना जाणवलं, की आमच्याकडच्या लोकांनी हे पीएच मीटरशिवाय ओळखलेलं आहे. सातपुड्यात, धडगावकडे, कैऱ्यांच्या फोडी उन्हात वाळवून आमचूर करतात. कैरी मुळात आंबट, त्यात पाणी काढून टाकलं. दुहेरी कुलूप! पाण्याशिवाय जंतूला काहीच करता येत नाही. आमचूर कोरडा राहिला की वर्षभर जातो. चिंचेचंही तेच. मोहाची फुलंही वाळवूनच ठेवतात.

आणि गूळ म्हणजे काय? टिकवलेला उसाचा रसच. उसाचा रस टिकवायला फार वाईट. गोड, आंबटपणा जेमतेम, त्यात मातीचे जंतू. तोडलेला ऊसही पडून राहिला तर त्यात ल्युकोनॉस्टॉक नावाचे बॅक्टेरिया साखर खाऊन चिकट गोंदासारखा पदार्थ करतात, म्हणून कारखान्याला ऊस लवकर गाळायची घाई असते. नवापूर तालुक्यात डोकारे इथे आदिवासी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिकडचे मित्र ही घाई जाणतात. गुऱ्हाळात काय करतात? रस तापवतात, मळी काढतात आणि पाणी उडवून देतात. शंभर किलो रसात पाणीच ८० किलोच्या आसपास. ते गेलं की काकवी, आणखी गेलं की गूळ. तेव्हा 'उसाचा रस बाटलीत टिकवू' म्हणणाऱ्याला आजोबांनी फार पूर्वी उत्तर देऊन ठेवलंय. रसवंतीवर घुंगरांच्या तालावर प्या आणि निघा. उरला तर गूळ करा.

घरी करता येतील अशा चार पद्धती

१) तापवून बंद करणं. फक्त आंबट रसांसाठी : डाळिंब, संत्रं, अननस, द्राक्ष, जांभूळ. आंब्यात दर किलोला चार-पाच ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालायचंच, कारण गोड आंबा रेघेच्या वर असू शकतो. रस स्टीलच्या पातेल्यात ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवा. तांब्या-पितळेचं भांडं नको, आंबट रस धातू विरघळवतो. काचेच्या बाटल्या आधी पाण्यात उकळून गरमच ठेवा. थंड काचेत गरम रस ओतला तर थर्मल स्ट्रेसने काच तडकते. गरम रस काठाशी थोडी जागा ठेवून भरा, झाकण लावा, दोन-तीन मिनिटं बाटली उलटी धरा म्हणजे झाकणही तापतं. मग बाटल्या कापडाची घडी खाली घालून ८५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि हळूहळू गार करा. पीईटी प्लॅस्टिकच्या बाटल्या इथे चालत नाहीत. ७५ अंशांच्या आसपास त्या मऊ पडून वाकड्या होतात.

टोमॅटोचा रस करायचा तर लिटरमागे अर्धा चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड घालून बाटल्या उकळत्या पाण्यात ४० मिनिटं ठेवायच्या. सीताफळ मात्र तापवू नका, गर कडू होतो. तो गोठवायचाच.

२) साखर घालून, म्हणजे स्क्वॅश. फळांचा रस १ किलो, साखर पावणेदोन किलो, पाणी १ लिटर, सायट्रिक ॲसिड ३० ग्रॅम. लिंबाचा रस असेल तर ॲसिड नको. पाणी, साखर, ॲसिड एक उकळी आणून गाळा, गार करा, मग रस मिसळा. साखर पाण्याला धरून ठेवते, जंतूला पाणी मिळत नाही. पण स्क्वॅशमध्ये साखर निम्म्याच्या आसपासच असते आणि तेवढ्यात तगणारी यीस्टं असतात. म्हणून पुढची पद्धत जोडीला लागते.

३) परिरक्षक. घरगुती वापरात दोन : पोटॅशिअम मेटाबायसल्फाइट, म्हणजे दुकानातलं केएमएस, आणि सोडिअम बेंझोएट. फळ उत्पादन आदेश, १९५५ मध्ये स्क्वॅशला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा दहा लाखांत ३५० भाग दिलेली होती. केएमएसच्या वजनाचा सुमारे ५७ टक्के भाग सल्फर डायऑक्साइड होतो. म्हणून किलोला ०.६ ग्रॅम केएमएस, वर दिलेल्या पावणेचार किलो स्क्वॅशला २.२ ग्रॅम. 'चिमूटभर' हे माप इथे चालत नाही! स्वयंपाकघरातल्या काट्याला इतकं बारीक वजन कळत नाही. १० ग्रॅम केएमएस पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली करा आणि त्यातलं २२ मिली सिरिंजने मोजून लगेच गार स्क्वॅशमध्ये घाला. गरमात घातलं तर वायू उडून जातो. वास नाकाशी घेऊ नका. दमा असलेल्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, म्हणून बाटलीवर तसं लिहा.

जांभूळ, कोकम, करवंद यांचा रंग केएमएसने उडतो. तिथे सोडिअम बेंझोएट, किलोला ०.७ ग्रॅम. लिंबू-आवळ्याला मात्र बेंझोएट नको. 'क' जीवनसत्त्वाबरोबर त्यातून अल्प प्रमाणात बेंझीन होऊ शकतं.

आणि इथेही शेवटी तोच आंबटपणा. बेंझोइक ॲसिड जंतूच्या पेशीत शिरतं ते न विघटित झालेल्या रूपात. त्याचा पीके ४.२. म्हणजे पीएच ३.२ च्या रसात ९० टक्के काम करतं आणि ६.२ च्या गाजराच्या रसात जेमतेम १ टक्का. म्हणजे गाजराच्या रसात बेंझोएट टाकणं म्हणजे मनाचं समाधान.

४) थंडी. भाज्यांच्या रसासाठी घरी हाच एक मार्ग. फ्रिजमध्ये ४ अंशांना भाजीचा रस एक दिवस, न तापवलेला आंबट रस दोन-तीन दिवस. उणे १८ ला गोठवला तर काही महिने. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून डबा काठोकाठ भरू नका. थंडी जंतूंना मारत नाही, झोपवते. रात्री लाईट गेली आणि बर्फ वितळून रस कोमट झाला, तर तो पुन्हा गोठवून वाचत नाही. जीवावर येतं, पण ओता.

भाजीचा रस टिकवायचाच असेल तर त्याला आंबट करायची एक जुनी युक्ती उत्तर भारतात आहे : काळ्या गाजराची कांजी. मीठ, मोहरी घालून काही दिवस ठेवतात, लॅक्टिक ॲसिड तयार करणारे बॅक्टेरिया वाढतात आणि पाणी आंबट होतं. म्हणजे चांगल्या जंतूंकडूनच राखण करून घ्यायची.

दुधीबद्दल स्वतंत्रपणे

सकाळी जिमनंतर दुधीचा रस पिणाऱ्यांनी हे जरूर वाचा. दुधी, काकडी, कारलं या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. दुधीत ती एरवी नगण्य, पण कधी कधी एखादा दुधी कडूजहर निघतो. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सल्ला दिला, की रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या. तापवून हे विष जात नाही. 'कडू तितकं औषधी' ही समजूत इथे जिवावर बेतू शकते. पिल्यावर उलटी, जुलाब, अस्वस्थता वाटली तर वाट न बघता दवाखाना गाठा.

होस्टेलवाल्यांसाठी थोडक्यात

रस काढून लगेच प्या, 'नंतर'साठी ठेवू नका. मिक्सरच्या भांड्याचं रबर काढून धुवा, सगळी वस्ती त्याखालीच असते. खाली पडलेलं, मार लागलेलं फळ रसाला वापरू नका. बाटलीवर तारीख लिहा. फुगलेली बाटली तोंडासमोर धरून उघडू नका आणि 'थोडं चाखून बघू' असं तर मुळीच करू नका. घरून रस आणायचाच तर स्क्वॅश आणा. आमरस आणू नका. अनुभवाचे बोल आहेत.

मावशीचं पुढे काय झालं?

दिवाळीत घरी जाताना केमिस्ट्रीच्या सरांना विचारून लॅबमधल्या पीएच पेपरच्या थोड्या पट्ट्या घेतल्या. मावशीच्या ओट्यावर दोन वाट्या ठेवल्या, एकीत लिंबाचा रस, दुसरीत दुधीचा. गाजराच्या रसाचा स्वतःचाच रंग पट्टीला लागतो, म्हणून दुधी घेतला. लिंबातली पट्टी लालभडक झाली, दुधीतली पिवळीच राहिली. मी म्हटलं, "ही लाल व्हायला हवी. तेव्हाच ती बाटली फळीवर ठेवायची. ही पिवळी ठेवलीस तर बाटलीत काय वाढतंय ते आपल्याला दिसणारही नाही आणि पिणारा माणूस गाडीत बसून कुठल्या कुठे निघून गेलेला असेल."

मावशी बराच वेळ पट्ट्या बघत बसली. मग म्हणाली, "हे मागच्या वेळीच नीट सांगितलं असतंस तर बाटल्या घेतल्या नसत्या."

"बाटल्या वाया नाहीत गं. लिंबाला, जांभळाला, कैरीला चालतील."

गटाने गाजर-दुधीचा बेत सोडला. नंदुरबारजवळ कोळदे इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन आधी नीट शिकून घ्यायचं आणि विकायच्या आधी अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करायची असं ठरलं. या उन्हाळ्यात कैरीचं स्क्वॅश झालं. त्यातली एक काचेची बाटली सध्या माझ्या कपाटावर आहे. आज तिला दोन महिने झाले. झाकण जागेवर आहे, रंग जसाच्या तसा.

परवा रेक्टर सर राऊंडला आले, बाटलीकडे बघून थबकले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "पीएच किती?"

मी म्हटलं, "सर, तीनच्या आसपास."

"मग दे एक ग्लास."